सोबत नसलेला दिवस

आमच्या घरात माझ्या आजाराला नाव नव्हतं. आई म्हणायची, "तसं झालं." नाना तेवढंही म्हणत नसत, ते नुसती माझ्याकडे मान हलवायचे आणि आईला कळायचं. शेजारणी विचारायच्या, "नंदीला परत तसं झालं काय गो?" आणि आई पदरानं कपाळ पुसत सांगायची, "न्हाय न्हाय, चक्कर होती. सकाळपासून पोटात कायच न्हवतं तिच्या." खरं तर मी कधी उपाशी नसायचे. आमच्याकडे सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, दुपारी कुळथाचं पिठलं किंवा माशाचं कालवण आणि भात, आणि मधल्या वेळेला खोबऱ्याचा तुकडा नि गूळ हे ठरलेलं होतं. उलट आजार सुरू झाल्यापासून आई मला दुप्पट वाढायची. पोट भरलेलं असलं की तसं होणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

घर पोफळीच्या बागेतच होतं, श्रीवर्धनच्या जरा अलीकडे. पोफळी, नारळ, मधूनच एखादं जायफळाचं झाड, आणि भर दुपारीही दिवा लावावासा वाटेल अशी सावली. समुद्र दिसायचा नाही, पण त्याची गाज भिंतीत मुरल्यासारखी सतत असायची. मुंबईहून पाहुणा आला आणि "काय आवाज आहे हो रात्रीचा" म्हणाला की आम्हाला तिची आठवण व्हायची. बाकी आवाज म्हणजे सुकलेली झावळ वरून सुटून जमिनीवर आदळल्याचा, सकाळी विहिरीवरच्या पंपाचा, आणि पाटाचं पाणी एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात वळवताना होणारा फावड्याचा. त्या पाटातच मी पहिल्यांदा पडले. शाळेत पाचवी-सहावीत असेन. नानांच्या मागे लागून मी फावडं घेतलं होतं. पाट कसला, वीतभर खोल पाणी. आई पलीकडे कपडे वाळत घालत होती. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. नाकातोंडात चिखल, आणि आईचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ, इतका पांढराफटक की मला वाटलं, हिलाच काहीतरी झालंय. मी पालथी पडले होते, तोंड पाण्यात. ती दोन आळी ओलांडून पळत आली नसती तर हे प्रकरण लिहायला मी नसते.

वीतभर पाण्यात आपली पोर जाऊ शकते हे आईनं त्या दिवशी पाहिलं, आणि मग तिला सगळीकडे धोकाच दिसायला लागला. विहिरीकडे जायचं नाही. समुद्रावर जायचं नाही, अगदी घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. चुलीजवळ बसायचं नाही, विळीवर बसायचं नाही, माळ्यावर चढायचं नाही. न्हाणीघराची कडी नानांनी एके सकाळी पकडीनं उपटून काढली. मी आंघोळीला गेले की आई दाराबाहेर लाकडी पाटावर बसायची आणि मी आतून बोलत राहायचं, असा नियम होता. बोलून बोलून रोज काय बोलणार? मी पाढे म्हणायला लागले. सतराच्या पाढ्यात मी हमखास अडखळायचे, आणि अडखळले की आई धाडकन दार ढकलून आत. "आई, आठवत होते मी!" असं मी ओरडायचे. ती बाहेर जायची, पण तिचा श्वास जोरजोरात चाललेला मला आतूनही ऐकू यायचा.

आज माझ्या अलिबागच्या घरातल्या न्हाणीघराला चांगली पितळी कडी आहे. मी ती लावत नाही. गेली कित्येक वर्षं गोळ्यांनी आजार आटोक्यात आहे, दारामागे कुणी बसलेलं नाही, तरी हात कडीकडे जात नाही. माझी सून नवीन होती तेव्हा एकदा चुकून आत आली आणि बिचारी ओशाळली. तिला सगळं सांगावं लागलं.

स्वयंपाकघरात मला उंबऱ्यावर बसायची परवानगी होती. मी लसूण सोलायचे, सुकट निवडायचे, तांदूळ पाखडायचे. आई भाकऱ्या थापायची ती अशी तिरकी बसून, की एक डोळा तव्यावर आणि एक माझ्यावर. त्यामुळे आमच्याकडच्या भाकऱ्या एका कडेला नेहमी करपलेल्या असायच्या. नानांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. करपलेली कड ते आधी खाऊन टाकायचे.

माझ्या आजाराला थोडी पूर्वसूचना असायची. पोटातून काहीतरी वर चढायचं, जत्रेतला पाळणा वरून खाली येताना होतं तसं. मग तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव यायची, आणि आसपासची माणसं बोलत असली तरी त्यांचे आवाज लांब जायचे. कधी चार वाक्यं बोलण्याइतका वेळ मिळायचा, कधी तेवढाही नाही. पण खरी अडचण वेगळीच होती. मी घाबरले तरीसुद्धा पोटातून तसंच काहीतरी वर चढायचं. त्यामुळे ही भीती आहे की तेच येतंय, हे मला ओळखता यायचं नाही. आणि ते ओळखता येत नाही म्हणून मी आणखी घाबरायचे. वर्गात बाईंनी उभं केलं, एसटी वळणावर हेलकावली, घरी येणाऱ्या पाहुण्यांसमोर चहा न्यायचा झाला, की मी सगळं सोडून स्वतःच्या पोटाकडे लक्ष देत बसायचे. लोक म्हणायचे, मुलगी फार शांत आहे.

नववीत असताना श्रीवर्धनच्या बाजारात तसं झालं. आई आणि मी गणवेशाचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर मी कोसळले. शुद्ध आली तेव्हा कुणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती, दोघा माणसांनी माझे हात जमिनीवर दाबून धरले होते, आणि तोंडात रक्ताची चव होती. दातखीळ सोडवायला एकानं मोठी चावी तोंडात घातली होती. पुढच्या दाताचा एक कोपरा उडाला, तो अजून तसाच आहे. आई बाजूला उभी राहून "सोडा हो तिला, सोडा" म्हणत होती, पण तिचं ऐकतंय कोण. आणि वर, सगळीकडून वाकलेले चेहरे. मी पहिला हात सलवारीला लावला. ओली होती. पडण्याची मला तेवढी भीती कधी वाटली नाही, कारण पडताना मी तिथं नसायचेच. मला जागं होण्याची भीती वाटायची.

त्यानंतर नाना मला पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आईही होती. ते डॉक्टर वयस्कर होते, जाड चष्म्याचे. त्यांनी आईशी न बोलता माझ्याशी बोलायला सुरुवात केली, याचंच मला केवढं नवल वाटलं. म्हणाले, "हे बघ, गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही. आणि घरात कोंडून बसायचं नाही. बाहेर जायचं. फक्त ज्याच्या शेजारी बसशील त्याला आधी सांगायचं, मला फिट येते. आली तर मला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका, धरून दाबू नका. थोड्या वेळात आपोआप थांबते. लांबली तर दवाखान्यात न्या. एवढं सांगायचं, बस." त्यांनी ते माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी धड्यासारखं म्हणून दाखवलं.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसून बराच वेळ बाहेर बघत होती. माणगाव मागे पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोळ्या घे तू वेळेवर. पण ते सांगायचं बिंगायचं काय कोणाला करू नको हां नंदे. लगीन व्हायचंय तुझं." नाना पुढच्या सीटवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

गोळ्यांनी फरक पडला. महिनोन्‌महिने काही व्हायचं नाही. पण सोबत काही सुटली नाही. शाळेत सोबत, दुकानात सोबत, देवळात सोबत. बारावी झाले तोवर मी घरापासून हाकेच्या पलीकडे एकटी अशी कधी गेलेच नव्हते. आणि बारावीनंतर मुरुडच्या अध्यापक विद्यालयात माझं नाव लागलं. माझी मोठी बहीण, ताई, मुरुडलाच दिली होती. तिच्याकडे राहून शिकता येणार होतं. आई नाहीच म्हणत होती. नाना मात्र एका रात्री जेवताना म्हणाले, "जाऊ दे तिला. ताई हाय ना तिकडं. आपण काय जन्माला पुरणार हाव?" आई उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं माझे कपडे घड्या घालायला घेतले, तेव्हा मला कळलं की ती हो म्हणाली.

प्रवेश पक्का करायला ठरल्या दिवशी दुपारच्या आत स्वतः हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. नाना येणार होते. पण आदल्या दिवशी बागेत त्यांच्या पायात कसला तरी खुंट घुसला आणि संध्याकाळपर्यंत पाय असा सुजला की त्यांना जमिनीवर टेकवेना. अंगात ताप. आई त्यांना सोडून निघू शकत नव्हती, आणि दुसरं म्हणजे तिला पाण्याची भीती. आमच्याकडून मुरुडला जायचं तर दिघीपर्यंत एसटी, मग खाडी ओलांडायला लाँच, आणि पलीकडे आगरदांड्याहून पुढे मुरुड. जमिनीवरून जायचं तर म्हसळा, तळा असा केवढा वळसा, दिवस मोडायचा. आई जन्मात कधी होडीत बसली नव्हती. शेवटी गजाकाकांची सोबत ठरली. गजाकाका म्हणजे नानांचे मित्र, बोर्लीला राहणारे. त्यांचं मुरुडला काम होतंच. मी आमच्या फाट्यावर सकाळच्या एसटीत बसायचं, ते बोर्लीला त्याच गाडीत चढणार. म्हणजे बोर्लीपर्यंतचा तेवढा तुकडा मी एकटी. त्या तुकड्याच्या काळजीनं आई रात्रभर झोपली नाही, आणि तिच्या कुशी बदलण्यानं मीही.

फाट्यावर तिनं कंडक्टरला सांगितलं, "पोरीला बोर्लीपर्यंत बघा हो." का बघायचं ते सांगितलं नाही. गाडी सुटली. मी दाराजवळच्या सीटवर बसले, समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून. बोर्ली आली. माणसं उतरली, माणसं चढली. मी प्रत्येक चढणाऱ्याचं तोंड बघत होते. गजाकाका नव्हते. नंतर कळलं की त्यांची सायकल वाटेत पंक्चर झाली आणि ते स्टँडवर पोचेपर्यंत गाडी निघालेली होती. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. उतरावं असं मनात आलं, पण उतरून बोर्लीत तरी मी काय करणार होते? कंडक्टरनं विचारलं, "काय गो, तुझा माणूस न्हाय आला?" मी म्हटलं, "दिघीला भेटतील." का म्हटलं, कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं.

दिघीला गाडी थांबली आणि रिकामी झाली. समोर धक्का, त्याच्या पलीकडे पाणी, आणि पाण्यावर हलणारी लाँच. उन्हात सगळं इतकं लखलखत होतं की डोळे मिटावेसे वाटत होते. मला आठवतं, मी स्टँडच्या शेडखाली बाकाला टेकून उभी राहिले. हीच गाडी थोड्या वेळानं परत श्रीवर्धनला जाणार होती. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. मी तिच्यात बसले असते तर जेवणाच्या वेळेला घरी पोचले असते. आईनं मला मिठी मारली असती, आणि मग त्या उंबऱ्यावर बसून मी जन्मभर सुकट निवडली असती. मी काही धाडसी मुलगी नव्हते. पुढे जायची जेवढी भीती वाटत होती तेवढीच परत जायचीही वाटत होती, आणि लाँचनं तेवढ्यात भोंगा दिला, एवढंच.

धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. ओहोटी असल्यानं लाँच बरीच खाली होती आणि धक्का नि लाँच यांच्यामध्ये पाणी उघडमीट होत होतं. एका खलाशानं हात पुढे केला, "चल, ये ये, बघत नको बसू." त्याचा हात धरला, उडी मारली. कडेला कठड्याजवळ जागा होती, वारा होता. मी तिकडे गेले नाही. मधोमध, इंजिनाच्या पेटीजवळच्या बाकावर जाऊन बसले. तिथं डिझेलचा वास आणि खडखडाट, म्हणून बाक जवळजवळ रिकामाच होता. माझ्या शेजारी एक मुसलमान बाई होती, माझ्या आईपेक्षा जरा मोठी, अंगावर मोठी पांढरी ओढणी. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकं बाहेर काढलेली एक जिवंत कोंबडी. कोंबडी माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होती.

लाँच सुटली. धक्का लांब गेला. पोटातून काहीतरी वर चढलं. मी थांबले, तोंडातल्या चवीकडे लक्ष दिलं. चव नव्हती. भीतीच असणार. पुन्हा चढलं. रात्रभर झोप नाही, हे मला आठवलं, आणि डॉक्टरांचा जाड चष्मा आठवला. कठड्यापलीकडे नुसतं पाणी होतं. मनात एकच विचार. मी इथं पडले तर हे लोक माझे हात दाबतील, तोंडात काहीतरी घालतील, आणि झटापटीत कठडा किती लांब आहे? मी बाईकडे वळले. माझा आवाज इंजिनात बुडून गेला, म्हणून पुन्हा जोरात बोलावं लागलं.

"चाची, मला फिट येते."

 ती पिशवी छातीशी धरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. मला वाटलं, संपलं. आता ही सगळ्यांना सांगणार. मी खाली बघत बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते पुसलंही नाही. थोड्या वेळानं बाक कुरकुरला. ती परत माझ्याजवळ सरकून आली होती.

"आता येते हाय का?" तिनं विचारलं. तिचा चेहरा माझ्याइतकाच घाबरलेला होता.

"माहीत नाही. येईल कदाचित."

"या अल्ला. मग मी काय करू? मला यातलं काय कळत न्हाय बेटा."

मी सांगितलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ द्या, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. तिनं मान हलवली, आणि मग म्हणाली, "परत एकदा सांग. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." मी परत सांगितलं. "आणि चप्पल हुंगवायची?" "नाही. चप्पल नाही." "कांदा?" "कांदाही नाही." "बरं," ती म्हणाली. "बरं बरं. कूस, डोसकं, तोंडात काय न्हाय." ती ओठातल्या ओठात तेच म्हणत बसली. तेवढ्यात माझ्या जिभेवर लोखंड आलं. मी तिचं मनगट धरलं, एवढं मला आठवतं. कोंबडीचा लाल तुरा आठवतो. त्यापुढे काही नाही.

पुढचं मला तिनंच सांगितलं, म्हणून मी ते ऐकलेलं लिहिते आहे. मी ताठ झाले आणि बाकावरून घसरले. तिनं मला धरलं तेव्हा पिशवी सुटली आणि कोंबडी लाँचभर पळायला लागली. लोक आधी कोंबडीमागे धावले, मग माझ्याकडे. एक गृहस्थ चप्पल काढून पुढे आला. दुसऱ्यानं विचारलं, कुणाकडे चमचा आहे का. चाची माझ्याजवळ फळ्यांवर बसली होती, तिनं माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं, आणि ती सगळ्यांवर ओरडत होती, "लांब व्हा! हात न्हाय लावायचा! पोरीनं मला सगळं सांगून ठेवलंय!" चपलेच्या माणसाला तिनं ढकललंसुद्धा. माझं अंग उडायचं थांबेना तेव्हा आतून तिचा धीर सुटत चालला होता. पोर आपल्या मांडीवरच जाते की काय, असं तिला वाटत होतं. ती देवाचं नाव घेत होती आणि मध्येच "कूस, डोसकं" म्हणत होती. मग मी सैल पडले आणि घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागले. तेव्हा तिला रडू आलं.

जागी झाले तेव्हा मी कुशीवर होते. इंजिनाची धडधड फळ्यांतून, चाचीच्या मांडीतून माझ्या गालाला लागत होती. जीभ चावली गेली होती, डोकं ठणकत होतं, पण वर वाकलेलं एकही तोंड नव्हतं. तिनं माणसांना मागे हटवलं होतं. मी सवयीनं हात सलवारीकडे नेला, तर कमरेपासून पायांपर्यंत माझ्यावर तिची पांढरी ओढणी पसरलेली होती. खाली काय झालं होतं ते मला कळलं, तिलाही कळलेलं होतं, बाकी कुणाला नाही. ती बोडक्या डोक्यानं बसली होती, तिच्या वयाची, तिच्या घरची बाई, भर लाँचमध्ये परक्या माणसांसमोर. तेव्हा मला ते समजलं नाही. आज त्या ओढणीची आठवण आली की हातातलं काम थांबतं.

"उठू नको," ती म्हणाली. "आगरदांडा येऊ दे. मी हाय."

तिचं नाव जुलेखा. ती राजपुरीला लेकीकडे चालली होती, लेक बाळंतीण होती, कोंबडी तिच्यासाठी. राजपुरीला उतरून तिला लेकीच्या घरी जाता आलं असतं, पण ती माझ्याबरोबर मिनीडोरमध्ये, त्या सहा आसनी रिक्षात, थेट मुरुडपर्यंत आली. कोंबडी एका पोऱ्यानं पकडून दिली होती, तिचे पाय आता बांधलेले होते. ताईच्या घरी मी कपडे बदलले. चाचीनं ताईला सगळं सांगितलं, पाणी प्यायली, चहा नको म्हणाली, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सांगितलंस म्हणून बरं झालं बेटा. न्हायतर मी पण चप्पलच धरली असती." तिची ओढणी धुऊन देते असं मी म्हटलं, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. ताईनं आपली एक तिला डोक्यावर घ्यायला दिली. मग ताई शेजारणीकडे लेकरू ठेवून माझ्याबरोबर विद्यालयात आली. डोळे मिटत होते, चावलेल्या जिभेनं नाव नीट सांगता येत नव्हतं, पण नाव घातलं. परत येऊन मी पडले ती मेल्यासारखी झोपले.

जाग आली ती आईच्या वासानं. खोबरेल तेल आणि चुलीचा धूर. ऊन उतरलं होतं. आई माझ्या उशाशी बसली होती आणि माझे दात बोटानं चाचपून बघत होती. गजाकाकांनी आमच्या घरी येऊन गाडी चुकल्याचं सांगितलं होतं. ते ऐकून आईनं नानांना शेजाऱ्यांवर सोपवलं आणि ती जशी होती तशी निघाली. एसटी, आणि मग लाँच. ती लाँचमध्ये कशी बसली, हे तिनं कधी सांगितलं नाही. तिच्या पातळाचा सोगा गुडघ्यापर्यंत ओला होता आणि तळहातांवर बाकाच्या कडेचे वळ उठले होते.

"तुझ्या मेल्याचं ऐकायला लागतंय काय, असंच वाटत व्हतं मला सगळ्या वाटंला," ती म्हणाली. आणि मग, ताईकडून ऐकलेलं आठवून, "त्या बाईला तू काय सांगितलंस म्हणून ती असं करू शकली?"

मी सांगितलं. आई ऐकत राहिली. त्या क्षणापर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं की पनवेलला ती माझ्या शेजारी बसून होती, पण डॉक्टर बोलत असताना तिनं त्यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. भीतीनं तिचे कान बंद झाले होते. इतकी वर्षं तसं झालं की ती मला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरायची, एवढंच तिला माहीत होतं. "दाखव मला," ती म्हणाली. ताई हसली. पण आई हसत नव्हती. मग ताई ओटीवर चटईवर आडवी झाली, आणि मी आईला शिकवलं. हात असा, गुडघा असा, आता खांद्याला धरून आपल्याकडे वळव. आईनं ताईला वळवलं.  "परत," ती म्हणाली. ताईचं पोर जागं होऊन रडायला लागलं, तरी आईचं "परत" चाललंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिला परतायला हवं होतं, नाना एकटे होते. ताईला लेकराला टाकून येता येईना. मी म्हटलं, आगरदांड्यापर्यंत मी सोडते तुला. म्हणजे येताना मी एकटी.  आईनं वेणी घातली, पिशवी उचलली, पायरी उतरली आणि मागे वळून म्हणाली, "चल."

धक्क्यावर गर्दी फारशी नव्हती. तिचा हात खलाशानं धरला, दुसरा मी.  लाँचच्या मधोमध, बाकाची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे घट्ट मिटून ती बसली. आणि मला पोटातून काहीतरी वर चढताना जाणवलं. या वेळी मला ते लगेच ओळखता आलं, कारण ते माझ्यासाठी नव्हतंच. ती त्या पाण्यावरून एकटी जाणार होती आणि मी काठावर उभी होते.

लाँच सुटली. मी जावं, उन्हात थांबू नये, असं ती आता डोळे उघडून एका हातानं खुणावत होती. ती लांब जाईपर्यंत मी हलणार नव्हते. पण मी हलल्याशिवाय तिचाही जीव ठिकाणावर येणार नव्हता, हे दिसत होतं. शेवटी मीच पाठ फिरवली आणि चढावावरून रस्त्याकडे निघाले. मिनीडोर भरत आली होती. आत बसायच्या आधी मी एकदा वळून पाहिलं.

आई उभी होती. लाँचच्या मधोमध, बाकाची कड सोडून, दोन्ही पाय फाकवून, हलणाऱ्या फळ्यांवर उभी राहून ती मला बघत होती, आणि खलाशी तिच्यावर ओरडत होता. पाण्यावरून त्याचा आवाज स्पष्ट आला, "ओ मावशी, खाली बसा! पडाल ना!" ती ऐकत नव्हती. मिनीडोरमध्ये आधीच बसलेली एक बाई सरकली, मी तिच्या शेजारी चढून बसले. तेव्हा कुठे आई खाली बसली.